धुतलेला कप

मोशीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक काका राहतात. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे पार्किंगला ते अजून 'खालचं वावर' म्हणतात.

काका काही टाकत नाहीत. जुन्या पँटची पिशवी होते, पिशवी विरली की फडकं होतं आणि फडक्याचा शेवटी मोरीला बोळा.

मी चाकणच्या एका कंपनीत पर्यावरण विभागात आहे. आमच्या कार्यक्रमाला वक्ता हवा होता, म्हणून काकांना घेऊन गेलो. जुनी माणसं निसर्ग कसा जपायची तेवढं सांगा, म्हटलं.

काका माइकसमोर उभे राहिले. "आमी काय जपत न्हवतो. मिळतच न्हवतं. मिळालं असतं तर समदं वापरलं असतं." एवढं बोलून खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना.

नंतर चहा झाला. सगळ्यांनी कागदी कप टोपलीत टाकले. काकांनी आपला नळाखाली धुतला, झटकला आणि खिशात ठेवला. मला जरा बरं वाटलं.

रविवारी त्यांच्याकडे गेलो. एसी अठरावर होता, दार सताड उघडं होतं आणि काका जुन्या लुगड्यांची गोधडी पांघरून बसले होते.

"काका, दार लावू का?"

"असू द्या की. जिन्यातबी गार व्हतंय. आता मिळतंय, साहेब."

मग त्यांनी मला चहा दिला, कंपनीच्या त्याच कपात. अजून गळत नव्हता.