दोघांपुरती वाट

बर्फाचं आणि बर्फाच्या गोष्टींचं सारखंच. गुपचूप साठत जातात आणि दार उघडलं की पायरी दिसत नाही. इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये आमची मराठी मंडळी दर शनिवारी कम्युनिटी सेंटरमध्ये जमतात. तिथे चहाबरोबर कुणीतरी बर्फाचा विषय काढतो आणि मग पोहे गार होतात. मी सगळ्यात हळू बोलणारा, त्यामुळे माझी पाळी येईपर्यंत लोक कोट घालायला लागतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. शाळा माझी दुसरीतच सुटली. पुढे जन्मभर कऱ्हाडच्या स्टँडवर चहाची गाडी लावली. तेव्हा वाक्यं वेडीवाकडी आली तर सांभाळून घ्या.

त्या वर्षी इतका बर्फ पडला की शाळा बंद, बस बंद. आमच्या गल्लीत सगळी आपली माणसं, कॉम्प्युटरवाली. घराघरात दोन-दोन लॅपटॉप, पण फावडं एकाकडेही नाही. दुकानातली फावडी पहिल्याच दिवशी संपली. आणि प्रत्येकाच्या घरापुढे तो ड्राइव्हवे, म्हणजे गाडी उभी करायची उतरती जागा. ती मोकळी झाल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि गाडीशिवाय या गावात माणूस हलत नाही.

*

पहिला मान शेजारच्या प्रशांतचा. नागपूरचा पोरगा. त्याने स्वयंपाकघरातला पोळपाट घेतला, मॉपच्या दांड्याला सुतळीने बांधला आणि लागला ढकलायला. काम बरं चाललं होतं. तेवढ्यात त्याची बायको वैशाली दारात आली. बराच वेळ बघत राहिली.

"पोळपाट आणलात, आता लाटणंही घेऊन जा न जी," ती म्हणाली. "आजच्या पोळ्या तिथंच लाटा."

प्रशांतने मान वर न करता विचारलं, "भाजू कशावर?"

"माझं डोकं तापलंय. त्यावर."

त्या दिवशी त्यांच्याकडे ब्रेड होता. आम्हाला आमच्या घरात टोस्टचा वास आला.

*

समोरचे डॉक्टरसाहेब इथे हॉस्पिटलात कितीतरी वर्षं नोकरीला होते. माणूस हुशार, पण कंबर धरलेली, वाकता येईना. त्यांनी लांब वायर ओढून आणली आणि बाईसाहेबांचा केस वाळवायचा ड्रायर बर्फावर धरला. खुर्चीत बसून, मांडीवर ब्लँकेट. तासाभरात थाळीएवढी जागा ओली झाली.

कोपऱ्यावर कीथ राहतो, गल्लीतला एकुलता एक गोरा म्हातारा. तो कुत्र्याला घेऊन चालला होता. थांबला, ड्रायरकडे पाहिलं, आणि म्हणाला, "ड्राइव्हवेला कुठे पार्टीला जायचंय का?"

डॉक्टर म्हणाले, "हो, पण अजून तिचे केस वाळले नाहीत."

हे मला नंतर प्रशांतने मराठीत करून सांगितलं, तेव्हा मी हसलो. बाकीचे हसून घरीसुद्धा गेले होते.

*

आता माझ्या घरातलं सांगतो. मुलगा श्रीकांत, सून मंजिरी आणि नात इरा, सहा वर्षांची. इराला शाळेत मी सोडायचो. रेडवे म्हणतात इथे, गाड्यांपासून वेगळी लाल पायवाट, तिच्यावरून आम्ही दोघं हात धरून जायचो. ती मला आजोबा म्हणायची.

मग दिवाळीला मंजिरीचे वडील आले. विनायकराव, पुण्याचे, बँकेत साहेब होते. घरात दोन आजोबा झाले. हाक मारली की दोघं उठायचे. मंजिरीने एक दिवस सहज निकाल लावला, "इरा, ह्यांना आजोबा म्हण. तात्यांना काय, सगळेच तात्या म्हणतात."

झालं. माझा आजोबा गेला, तात्या उरला.

पाठोपाठ शाळेची वाटही गेली. विनायकरावांना इंग्रजी येतं, ते जाता-जाता तिला पाट्या वाचायला लावायचे. मी खिडकीतून बघायचो. त्यांची माकडटोपी आणि तिची लाल टोपी, वळणापर्यंत दिसायच्या. माणूस वाईट नव्हता हो. तेच तर दुखायचं. वाईट असता तर बरं झालं असतं.

*

बर्फ पडला तसं मी ठरवलं, ड्राइव्हवे आपण साफ करायचा. मी सुपडी घेतली, केर भरायची. एका कडेने सुरुवात केली. भरायची, कुंपणापाशी नेऊन ओतायची, परत यायचं. दूध वर येईपर्यंत वाट बघण्यात आयुष्य गेलं, मला घाई नसते. पण बर्फाला होती. मी गेटपाशी पोचलो तेव्हा दारापाशी पुन्हा पांढरं झालं होतं.

श्रीकांत खिडकीतून म्हणाला, "तात्या, बर्फ काढताय की निवडताय?"

विनायकराव मात्र बाहेर आले, हात मागे बांधून उभे राहिले आणि सरळ कीथकडे गेले. पाच मिनिटांत खरंखुरं फावडं घेऊन आले, लाल दांड्याचं. कीथकडे ते पहिल्यापासून होतं. आम्ही कुणी संकोचाने मागितलंच नव्हतं.

"तो काय म्हणाला माहितीये?" विनायकराव हसत सांगू लागले. "म्हणाला, मला वाटलं तुमच्यात अशीच पद्धत असेल."

इरा टाळ्या वाजवून ओरडली, "माझा आजोबा फावडी आणला!"

तिचं व्याकरण चुकलं, पण जीव ज्याच्यावर ठेवायचा त्याच्यावर बरोबर ठेवला होता. मी सुपडी धुऊन जागेवर ठेवली.

*

फावड्याने सगळं निघालं, खाली पातळ थर राहिला. तिथेच विनायकरावांनी थांबायला हवं होतं. पण पुण्याचा माणूस, काम अर्धवट सोडवेना. त्यांनी केटल भरभरून कढत पाणी ओतलं. वाफा निघाल्या, फरशी काळीभोर चकचकीत झाली. सगळी गल्ली बघायला आली. डॉक्टर म्हणाले, "वा, विनायकराव." श्रीकांत म्हणाला, "बाबा, ग्रेट." मला तो "तात्या, निवडताय" म्हणाला होता, ते मी लक्षात ठेवलं.

सकाळी विनायकराव दूध आणायला निघाले. रात्रीत पाण्याची काच झाली होती. पहिलं पाऊल टाकलं आणि साहेब बसले. बसले ते बसल्या-बसल्याच उतारावरून निघाले, हातात पिशवी, चेहऱ्यावर तोच रुबाब, आणि कीथच्या कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन थांबले. कीथ खिडकीत होता. त्याने हात हलवला. विनायकरावांनीही हलवला.

मी हसलो नाही. त्यांना उठवून आणलं, खुर्चीत बसवलं. मग चहा टाकायला आत गेलो आणि तिथे हसलो.

*

नेमकी दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. त्या काचेवरून गाडी काय, माणूस निघणंही शक्य नव्हतं. श्रीकांत म्हणाला, "घरात मीठ आहे, टाकूया."

मी म्हटलं, "मिठावर पाय द्यायचा नाही. तुझी आई सांगायची, सांडलेलं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं."

"तात्या, इथे कौन्सिल रस्त्यावर ट्रकने मीठ टाकते."

"मग त्यांच्या पापण्या."

श्रीकांतने हात जोडले आणि कामाला बसला.

पहाटे मला एक गोष्ट आठवली. विनायकरावांनी मंजिरीला दिवाळीसाठी पुण्याहून रांगोळी आणली होती, किलोकिलोच्या पिशव्या, सगळे रंग. दगडाची भुकटीच ती, चांगली खरखरीत. मी पिशव्या काढल्या, दारात बसलो आणि चिमटी-चिमटीने पेरत बाहेर निघालो. पुढे पेरायचं, त्यावर पाय ठेवायचा, पुढे सरकायचं. आधी गुलाबी, मग हिरवी, मग पिवळी. सगळा ड्राइव्हवे करायचा नव्हताच मला. गाडीचं मला काय? दोन माणसं शेजारी-शेजारी हात धरून जातील एवढाच पट्टा केला. एक मोठं माणूस आणि एक लहान. दारापासून थेट रेडवेपर्यंत. रेडवेवर कौन्सिलचं मीठ होतं, पण तिथे माझा इलाज नव्हता.

उजाडल्यावर विनायकराव दारात आले. माकडटोपी सारखी करत वाट निरखली.

"मिठावर पाय चालत नाही, आणि रांगोळीवर चालतो का हो, तात्या?"

"नक्षी कुठे काढलीय? नक्षी नाही तोवर ती रांगोळी नाही."

"वाट तुमची, पण रांगोळी माझी बरं का."

मी मफलर बांधायला आत गेलो. कोट घातला, बूट शोधले. मला वेळ लागतो. बाहेर येऊन बघतो तर इरा दप्तर घेऊन माझ्या वाटेवर, आणि तिच्या शेजारी, तिचा हात धरून, विनायकराव.

मागे वळून म्हणाले, "अगदी दोघांपुरती बरोबर केलीत हो."

मी दारात उभा राहिलो. सुपडी समोरच होती. ती उचलून मारावी असं आलं मनात, खोटं कशाला सांगू.

गुलाबी संपून हिरवी लागली तसे विनायकराव थांबले. त्यांनी बाजूच्या काचेकडे पाहिलं, मग कीथच्या डब्याकडे पाहिलं. पाय पुढे टाकेनात. इरा ओढत होती, ते जागचे हलेनात.

"तात्या," त्यांनी हाक मारली. मोठ्याने नाही. "जरा येता का? मला काही हे जमायचं नाही."

मी गेलो. इराने त्यांचा हात सोडला, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि एकटीच पुढे निघाली. पट्टा दोघांपुरताच होता. त्यावर आता मी आणि व्याही, हात धरून. रेडवेवर पोचल्यावरही त्यांनी हात सोडला नाही, मीही सोडवला नाही. इरा पुढे, आम्ही मागे, एकेक पाऊल.

शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई गोल पाटी घेऊन उभी होती. तिने आमच्याकडे पाहून इराला काहीतरी विचारलं. इराने मोठ्या माणसासारखी मान हलवली आणि सांगितलं, "दीज आर माय ग्रँडॅड्स. दे आर स्केअर्ड ऑफ द स्नो, सो आय ब्रॉट देम टू स्कूल."

एवढं इंग्रजी मला कळतं.

विनायकराव माझ्याकडे वाकले. "काय म्हणाली हो? टोपीमुळे नीट ऐकू आलं नाही."

मी म्हटलं, "म्हणाली, हे माझे आजोबा."

"कोण, मी?"

मी म्हटलं, "हात सोडू नका, पुढे उतार आहे."