मुलं किती, त्यांनी विचारलं

माझी मुलगी दिल्लीत सरकारची कुलपं करते. लोखंडाची नाहीत. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जो मजकूर जातो, तो मधेच कुणी पकडला तरी वाचता येऊ नये असं त्याचं रूप पालटून टाकायचं, आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच तो परत नीट दिसावा, हे तिचं काम. किल्ली म्हणजे आकडे, लांबच्या लांब. मी चौथी शिकलेला, जन्म शेळ्यांमागं गेला. मला यातलं एवढंच कळलं, तेही तिनं तीनदा सांगितल्यावर.

एका दिवाळीला आलती तेव्हा तिच्या मायनं तिला शेंगा फोडता फोडता विचारलं, "मग तू राखणदार का चोर?"

"दोनी," ती म्हणाली. "आपलं कुलूप आधी आपनच फोडून बघायचं. सगळ्या तऱ्हेनं फोडायचं. न्हाईच फुटलं तर मग वापरायचं."

आणि कुलूप कसं बनवलं ते जगाला उघड दाखवतात म्हणे, किल्ली तेवढी लपवतात. मी म्हणलो, हा येडेपणा आहे, चोराला कुणी कुलूप उघडून दाखवतं का. त्यावर ती हसली. म्हणाली, गणित सहसा दगा देत नाही, माणूस देतो. कुणी भिऊन किल्ली देतो, कुणी लाजून. मी तंबाखू मळत होतो. पुरतं ऐकलंही नाही.

तिची माय जाऊन आता वर्ष होत आलं. मूत्रपिंडं गेली होती. ती होती तोवर पोरीचा फोन तीच घ्यायची. तासभर बोलायची आणि मला येऊन सांगायची, "बरी हाय." त्या तासाभरात काय काय असायचं ते मी कधी विचारलं नाही. त्यातच हेही होतं की मुलीला वरच्या कामावर घेणार आहेत, तिनं मोठा फॉर्म भरलाय, आणि कधीतरी गावाकडं माणसं चौकशीला येतील, त्यांना खरं ते सांगा. हे बायकोला माहीत होतं. ती गेली आणि तिच्यासंगं हेही गेलं. मी कोराच राहिलो.

माणसं आली तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती. जीप फाट्यावर ठेवून दोघं चालत गावात आले. आमचं गाव लिंबागणेशच्या अंगाला, रस्त्यापासून आत. तिथं चालत येणारा परका माणूस लांबून दिसतो. दोघांनी हॉटेलात चहा घेतला आणि माझ्या मुलीचं नाव काढलं.

आता आमच्याकडं परकी माणसं पोरीची विचारपूस करायला आली म्हणजे ती सोयरिकीलाच आली, असं धरतात. दुसऱ्या कशाला कोण येतंय? आणि अशा वेळी गावाचं तोंड एक होतं. बांधावरून डोकी फोडणारेसुद्धा त्या दिवशी पोरीच्या घराबद्दल वाकडं बोलत नाहीत. कारण प्रत्येकाच्या घरात पोर आहे, आणि आज ह्याच्या तर उद्या त्याच्या दारात माणसं यायची असतात.

तेव्हा गावानं आपलं काम केलं. हॉटेलवाल्यानं सांगितलं, पोरगी मान वर करून चालायची नाही. ती शाळेत पोरांना धरून झोडपायची. शेजारणीनं सांगितलं, सैपाकाला हात लई गोड. तिला अजून भाकरी गोल येत नाही. एवढं चाललं असतं. पण पुढं त्यांना माझा चुलतभाऊ भेटला. त्याला विचारलं, मुलीला भाऊ आहे का? तो म्हणाला, न्हाई साहेब, एकलीच लेक. बापाचं जे काय हाय ते तिचंच.

हे सांगून तो धापा टाकत माझ्या वाड्यावर आला, म्हणजे शेळ्यांच्या.

"ऊठ बे, सदरा बदल," म्हणाला. "दिल्लीचं स्थळ हाय. एकाचे बूट बघ, तोंड दिसतंय त्यात."

काय काय सांगितलं, मी विचारलं.

"समदं चांगलंच सांगितलं. भाऊ न्हाई म्हनलो. तूच म्हनतोस ना न्हाई म्हणून."

मी म्हणत होतो, हे खरं. मला मुलगा आहे. चार वर्षांमागं तो गेवराईकडं नदीच्या वाळूच्या गाड्यांवर होता. एकदा महसुलाची माणसं गाडी अडवायला आली, झटापट झाली, आणि त्यातल्या एका कोतवालाचा हात मोडला. माझ्या पोरानं मोडला का दुसऱ्यानं, ते अजून कोर्टात आहे. पण केसमध्ये नाव त्याचं. तो पसार झाला आणि त्याला शोधत तीन दिवस पोलीस माझ्या दारात बसले. बायको घरात तोंडाला पदर लावून बसली होती. चौथ्या दिवशी मी पारावर उभा राहून सगळ्यांसमोर म्हणालो, मला मुलगा नाही. कुणी विचारलं तर तुम्हीबी हेच सांगा. माझंच वाक्य चुलतभावानं त्या दोघांना दिलं. त्याचा काय दोष.

तो गेला आणि ते दोघं आले. मी बाज टाकली. थोरल्यानं खिशातून कार्ड काढून पुढं धरलं. चष्मा घरात होता, पण वरचे तीन सिंह मला बिनचष्म्याचे दिसले. तेव्हा कळलं की ही सोयरीक नाही. सरकारी माणूस माझ्या दारात पुन्हा. मी हात शेळीच्या पाठीवर ठेवला, शेळी सरकून गेली.

त्यानं माझं नाव, वय, जमीन विचारली. बायको कधी गेली ते विचारलं. मग म्हणाला, "मुलं किती?"

खरं बोलायला ती एक घडी होती. मी विचार केला, असा नाही की केला नाही. दोन म्हणलो तर चुलतभाऊ खोटा, गाव खोटं. दोन म्हणलो तर केस निघंल, केस निघाली तर पोरीचं काम जाईल. आणि आणखी एक होतं, ते आत्ता लिहितो. मुलगा हा शब्द मला तोंडातून काढायचा नव्हता.

"एकच," मी म्हणलो. "मुलगी."

त्यानं लिहिलं. वाचून दाखवलं. मी खाली सही केली.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. जीपचा आवाज आला की उठून रस्त्याकडं बघायचो. दूधवाल्याचा टेम्पो आला तरी बघायचो. सही केलेला कागद कुठवर पोचला असंल, बीडला का मुंबईला का दिल्लीला, हेच डोक्यात. बायकोला विचारावं म्हणून दोनदा घराकडं वळलो. सवयच ती. दारापर्यंत जाऊन मग आठवायचं.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. पोरीचा. तिनं कसे आहात विचारलं नाही.

"अण्णा, दादा हाय का न्हाई, एवढंच सांगा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी फॉर्मात हाय लिहिलंय. तुमी सही करून न्हाई म्हनलाय. त्यांनी मला समोर बसवून इचारलं, दोघांत खोटं कोण."

तिचा पास काढून घेतला होता. ज्या खोलीत काम चालतं तिथं तिला जाऊ देत नव्हते. बाहेरच्या एका टेबलावर कोऱ्या कागदासमोर दिवसभर बसवत होते, आणि कालपर्यंत हाताखाली असलेली माणसं नजर चुकवून जात होती. हे ती रडून सांगत नव्हती, वाचून दाखवावं तसं सांगत होती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी म्हणलो, बाई, तुझ्यासाठीच केलं. केसवाला भाऊ आहे म्हणलं असतं तर तुला कोण ठेवणार होतं? ती म्हणाली, केस मी नंबरासकट लिहिली आहे. त्यांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. भाऊ तसा आहे याचं त्यांना काही नाही. पण मी तो लपवते आहे असं दिसलं, तर उद्या कुणीही येऊन मला म्हणंल, सांगू का सगळ्यांना? नाहीतर दे ती किल्ली. माणूस जिथं लपवतो तिथंच त्याला धरता येतं.

हे मला लगेच कळलं. शेळी पळायला लागली तर शिंगाला कुणी झोंबत नाही, मागचा पाय धरतात. मी माझ्या लेकीचा मागचा पाय सरकारच्या हातात नेऊन दिला होता.

बीडच्या कचेरीत जाऊन पुन्हा जबाब द्यायचा होता आणि मुलाला सोबत न्यायचं होतं, कागदपत्रांसकट. ती म्हणाली, दादाला मी फोन करते. तिचं त्याचं बोलणं होतं, मायचंही होतं. मला चोरून. बायको शेळ्यांना पाला टाकायला म्हणून जायची आणि तिच्या निराळ्या फोनवरून त्याला लावायची. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नाही असं दाखवायचो, एवढीच माझी मेहरबानी.

मी म्हणलो, नको, त्याचा पत्ता दे. मी जातो.

एसटीत गेवराईपर्यंत मी काय बोलायचं ते जुळवत होतो. काही जुळलं नाही. तो आता वाळूत नव्हता, कधीच सोडली होती. जामिनावर सुटल्यापासून हायवेला एका पंक्चरच्या दुकानात कामाला होता. मी गेलो तेव्हा ट्रकच्या चाकाशी उकिडवा बसलेला. मला बघून उभा राहिला, हातातला पाना तसाच. तोंड पांढरं पडलं होतं.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडं आलो म्हणजे कुणीतरी मेलंच असणार, असं माझ्या पोराला वाटलं. माय मेली तेव्हा तर मी त्याला कळवलंही नव्हतं, बहिणीनं कळवलं. तो आला होता. माळावर लांब, बाभळीखाली उभा होता. चुलतभाऊ म्हणाला, बोलव त्याला, अग्नी त्याच्या हातचा पाहिजे. मी नाही म्हणलो आणि स्वतः दिला. तो सगळं होईस्तोवर तिथंच उभा राहिला. मग दिसला नाही.

"कुनी न्हाई गेलं," मी म्हणलो. "तुझ्या भयनीचं काम हाय."

पुढं काय ते सांगितलं. त्यानं मालकाला विचारलं, हात धुतले, आधार कार्ड घेतलं आणि आला. बसमध्ये आम्ही एका बाकावर बसलो.

कचेरीत तोच थोरला साहेब होता. टेबलावर माझा जुना कागद, त्यावर माझी सही. मुलाला बाहेर बसवून त्यानं मला विचारलं, हा कोण? मी म्हणलो, मुलगा. मग त्या दिवशी एक का सांगितलं? मला वाटलं इथंच मला आत घालतील. घालणार असतील तर घालोत, पण पोरीचा पास द्या, असं म्हणायचं ठरवून आलो होतो. तोंडातून ते निघालं नाही.

"भ्यालो साहेब," मी म्हणलो.

"आणि आता?"

"आताबी भितो."

त्यानं तेही लिहिलं. मग विचारलं, मुलाचा घराशी संबंध कधीपासून तुटला, कुणी तोडला. मी तोडला. बायकोच्या अंत्यविधीला मुलगा हजर होता का? मी म्हणलो, होता. जवळ होता का? मी म्हणलो, मी येऊ दिलं नाही. त्याला हे कशाला पाहिजे होतं मला कळलं नाही, पण एकदा तोंड उघडलं तर बंद करता येईना. शेळ्यांमागचा फोनही सांगितला. साहेबानं पेन खाली ठेवून ऐकलं. सांगताना मी दाराकडं बघत नव्हतो. दार उघडंच होतं आणि बाकावर तो बसलेला होता.

नंतर त्याला आत बोलावलं, त्याचं निराळं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर तो गेवराईच्या गाडीत बसला, मी गावाच्या. पत्ता तेवढा त्यानं साहेबाजवळ दिला होता, कागदासाठी.

दिवसामागून दिवस गेले. पोरगी रोज फोन करायची, आज टेबलावर बसले, आज टेबलावर बसले. तिचा आवाज रोज थोडा बारीक व्हायचा. मी चुलतभावाला सगळं सांगितलं. तो पहिल्यांदा शिव्या घालायला लागला, मला का सरकारला ते कळलं नाही, मग म्हणाला, आता परत कुणी आलं तर आमी काय सांगायचं ते नीट सांगून ठेव. मी म्हणलो, खरं. तो म्हणाला, ते लई अवघड हाय बे, परत्येकाचं निराळं असतंय.

मग एका दुपारी मी शेळ्या घेऊन डोंगराच्या उतारावर होतो तेव्हा फोन आला. पास परत मिळाला. वरचं काम एवढ्यात नाही, आणखी एकदा तपासणी होईल, पण आत जाऊ देतात. मी खडकावर बसलो. माझं रडणं तिला ऐकू जाऊ नये म्हणून फोन लांब धरला.

"दादाला सांगितलं का?" तिनं विचारलं.

तू सांग, मी म्हणलो.

"मी न्हाई. तुमी सांगा."

आणि तिनं फोन ठेवला. थोड्या वेळानं त्याचा नंबर आला, तिनं पाठवलेला. दहा आकडे. मी ते बघत बसलो. जबाब देताना नव्हती एवढी भीती वाटत होती. तिथं साहेब विचारत होता, मी सांगत होतो. इथं विचारायला कुणी नव्हतं. शेळ्या चरत चरत पार ओढ्यापलीकडं गेल्या, तरी अंगठा खाली जाईना. मग गेला. घंटी वाजली, आणि त्यानं उचलला.

"कोन?" तो म्हणाला. माझा नंबर त्याच्याकडं नव्हता.

"मी," म्हणलो. "तुझा बाप."