वहिनींचा पहिला प्रश्न

वहिनी बिघडलेल्या कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी माणसाला विचारायच्या, "बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलं होतं? खरं सांगा, रागावत नाही." हे त्या पडद्यामागून, नवऱ्याच्या तोंडून विचारायच्या. शहाद्याला त्यांचं दुकान होतं. पुढे गल्ल्यावर त्यांचे यजमान बसायचे, त्यांना सगळे शेठ म्हणत. मागे पडद्याआड टेबल, त्यावर दिवा, आणि डोक्यावरचा पदर दातात धरून बसलेल्या वहिनी. दुरुस्ती शेठच करतात, असं सगळ्या गावाला वाटायचं. शेठनेही 'मी नाही करत' असं कधी कोणाला सांगितलं नाही.

गिऱ्हाईक सांगायचं, "मी काहीच नही करं शेठ, आपोआप बंद पडी गया." ते गेलं की वहिनी माझ्याकडे बघून हसायच्या. "सगळे असंच म्हणतात, मावशी. आता उघडू. चहा निघतो का मुंग्या, बघा." कधी चहा निघायचा, कधी मुंग्या. एकदा पालीची अंडी निघाली.

मी त्या घरात भांडी घासायचे आणि दुकान झाडायचे. चौथीत शाळा सुटली. चार माणसं समोर असली की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. वहिनींना त्याचं काही वाटायचं नाही. त्या मला बत्ती धरायला बसवायच्या. म्हणायच्या, "शेठचा हात हलतो. तुमचा हलत नाही." माझ्याबद्दल चांगलं बोललेलं एवढं एकच वाक्य मला आठवतं.

कॉम्प्युटर अजिबात सुरू होत नसला तर त्या आतलं सगळं काढून ठेवायच्या आणि एकेक वस्तू परत लावून बघायच्या. "ज्याच्यामुळे अडलं ते आपोआप कळतं," म्हणायच्या. माणसाचे फोटो, कागद ज्या पट्टीत साठवलेले असतात, ती मात्र सगळ्यात आधी काढून कागदावर वेगळी ठेवायच्या. बोटाएवढी पातळ पट्टी, एका टोकाला बारीक सोनेरी दात. "बाकी सगळं विकत मिळतं, मावशी. ही सांभाळायची."

एका वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हसावदच्या एका फोटोवाल्याचा कॉम्प्युटर टेबलावर होता. आतला पंखा आवाज करतो, एवढीच तक्रार होती. संध्याकाळी सेठाणीबाई, म्हणजे वहिनींच्या सासूबाई, मला म्हणाल्या, "दुकानातली सगळी हत्यारं पूज. एक सोडू नको." वहिनी वर स्वयंपाकात होत्या. मी ओलं कुंकू कालवलं. पेचकस, चिमटे, पक्कड, सगळ्यांना बोट लावलं. कागदावर ती पट्टी होती. तिचं तोंड कुठलं ते मला कळेना. सोनेरी दात दिसले, तेच तोंड वाटलं. तिथे कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, हात जोडले. दुसऱ्या दिवशी उतरलेल्या पूजेची आवराआवर करताना पट्टी पदराने पुसून ठेवली.

दसऱ्यानंतर वहिनींनी पंखा बदलला, पट्टी लावली, बटण दाबलं. स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं आणि तिथेच थांबलं. पट्टी काढली की कॉम्प्युटर पुढे जायचा, लावली की अडायचा. त्यांनी ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितली. तोही अडला. मग त्यांनी मला विचारलं, "मावशी, हिला कोणी हात लावला होता का? खरं सांगा, रागावत नाही."

मी म्हटलं, "मी काहीच नही करं, वहिनी."

त्यांनी भिंग घेतलं. दातांच्या फटीत लाल दिसलं असणार, कारण त्यांनी मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. खोडरबरने दात घासले, स्पिरिटने पुसले, परत लावून बघितली. पट्टी तापली, हाताला चटका बसेल इतकी. मग तिने कुठेच काही दाखवलं नाही. एका लग्नाचे सगळे फोटो त्यात होते.

फोटोवाला आला आणि त्याने दुकान डोक्यावर घेतलं. "कोणी हात लाया याले? मांगे कोण बठेल शे?" म्हणत त्याने पडदाच ओढला. समोर वहिनी. "हाई बाई करस का दुरुस्ती? वा शेठ, वा!"

शेठ म्हणाले, "नाही हो, आज पहिल्यांदाच हात लावला तिने."

आठ वर्षं वहिनींनी केलेल्या कामाचं कौतुक खाल्लं त्या माणसाने. मला त्याचा राग येतो, आणि लगेच आठवतं की झाडू घेऊन मी तिथेच उभी होते. सेठाणीबाई जिन्यावरून सुनेला म्हणाल्या, "उठ बिनणी, बहुत झालं. रसोईत जा." वहिनी म्हणाल्या, "चूक माझीच झाली." दिवा बंद केला आणि वर गेल्या.

टेबल निघालं. तिथे मोबाईलची कव्हरं लटकली. वहिनी पोळ्या लाटायच्या, मी शेजारी भांडी घासायचे. त्या माझ्याशी पहिल्यासारख्याच बोलायच्या. त्यांनी मला वाचवलं, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. एकदा ओरडल्या असत्या, सेठाणीबाईंना नाव सांगितलं असतं, तर माझं काम सुटलं असतं आणि मी मोकळी झाले असते. दुसरं घर मिळालं असतं मला. भांडी सगळीकडे असतात. त्यांना दुसरं टेबल कुठे मिळणार होतं?

पुढच्या उन्हाळ्यात शेठने दुकान विकलं. सगळे सुरतेला निघाले. टेम्पो भरून झाला, आणि वहिनी पदर सावरत माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "मावशी, काही सांगायचं राहिलं का? रागावत नाही."

ऐकेल असं आसपास कोणी नव्हतं. शेठ दोरी बांधत होते, सेठाणीबाई पुढे बसल्या होत्या. एवढी एकांताची वेळ मला परत मिळणार नव्हती. कुंकू, एवढा एकच शब्द बोलायचा होता.

मी म्हटलं, "काहीच नही, वहिनी."

त्यांनी मान हलवली. गिऱ्हाईक गेल्यावर हसायच्या तशा त्या हसतील, असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.