शुभेच्छुकांविना शुभेच्छा : पांढरकवडा ते राजूर

या ब्लॉगचे नियमित वाचक जाणतात की मी प्रवासात किल्ले आणि सूर्यास्त यांची छायाचित्रे काढत नाही, पाट्यांची काढते. ‘दुखःद निधन’, ‘शुभ आशिर्वाद’, ‘विध्यार्थ्यांनी शांतता राखावी’ असा बराच ऐवज माझ्या संग्रही आहे, आणि त्यावर हसणारे वाचकही आहेत. या वेळी मात्र मी एका पाटीवाल्याला पाहायला निघाले होते.

मेधा ही माझ्या दिवंगत भावाची मुलगी. ती लहानपणापासून नागपूरला माझ्याकडे वाढली, आता बँकेत आहे. तिला प्रशांतशी लग्न करायचे आहे. प्रशांत वणीजवळच्या राजूरचा. मारेगावात फ्लेक्स छापायचे दुकान चालवतो. त्याचा मला आलेला पहिला संदेश असा : ‘नमस्कार आत्या तुम्ही कधि येनार’. प्रश्नचिन्ह नाही, स्वल्पविराम नाही. मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले आणि वादविवाद स्पर्धांचे परीक्षण केले. माझ्या हरकती दोन होत्या आणि त्या मी मेधापुढे क्रमाने मांडल्या.

पहिली हरकत शुद्धलेखनाची. कुणाला ती क्षुल्लक वाटेल. आमच्या वडिलांनी धम्म स्वीकारला, तेव्हा घरात नवे असे फारसे काही आले नाही. पाटी-पेन्सिल मात्र आली. ते म्हणत, आपल्या अर्जात लोक आधी चूक शोधतात, मजकूर नंतर वाचतात. ज्या घराने अक्षर इतक्या कष्टाने मिळवले, त्या घरात ते असे सांडलेले मला चालत नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर होती. मी प्रशांतला एकदा लिहिले की लग्नानंतर मेधाने नागपूरची नोकरी सोडू नये. उत्तर आले : ‘बरोबर आहे आत्या’. काही दिवसांनी लिहिले की नवरा-बायकोने एकाच गावी राहावे, तेव्हा मेधाने मारेगावला यावे. उत्तर आले : ‘बरोबर आहे आत्या’. जो सगळ्यांना हो म्हणतो, त्याच्या संसारात ‘नाही’ म्हणण्याचे काम दुसऱ्याला करावे लागते. इथे ते मेधाच्या वाट्याला येणार होते.

मेधाने ऐकून घेतले आणि म्हणाली, “आत्या, तू एकदा जाऊन बघ. न बघता नाही म्हणालीस तर मी ऐकणार नाही. बघून म्हणालीस तर ऐकेन. आनंदाने नाही, पण ऐकेन.”

असा शब्द कुणी दिला की झोप उडते. मी दोन दिवसांत निघाले.

नागपूरहून पांढरकवड्याला जायला हैदराबाद महामार्गावरच्या एसटी गाड्या दिवसभर मिळतात. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे खर्चाची चिंता नाही. सकाळची गाडी घ्यावी, दुपारी गर्दी फार. मारेगावला जाणाऱ्याने खरे तर अलीकडे करंजीलाच उतरायला हवे. मी मुद्दाम पुढे पांढरकवड्यापर्यंत गेले, कारण त्या गावात प्रशांतने छापलेले बरेच फलक लागले आहेत असे मेधानेच अभिमानाने सांगितले होते. न्यायालयात जाण्याआधी पुरावा गोळा करावा, तशी माझी भूमिका होती.

हिंगणघाट मागे पडले की रस्त्याकडेच्या बाभळींवर कापसाचे पुंजके दिसू लागतात. सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग गिरण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेले. मला एका जागी बसवेना. दोनदा आसन बदलले. मागे दोन बायका वाघाबद्दल बोलत होत्या. टिपेश्वरचे अभयारण्य जवळच आहे.

“आमच्या वावरात दिसला म्हन्ते.”

“मंग तू गेलती का पाह्यले?”

“मी कायले जाऊ? त्याले पाह्यले पुन्या-मुंबईचे लोक पैसे देऊन येते. मी फुकट मरू का?”

वाटेत एका धाब्यावर गाडी थांबली. ‘शूद्ध शाकाहारी’ असे मोठ्या अक्षरांत होते आणि त्याखाली अंडा बिर्याणीचा दर. पुढे एका पुलाचे काम चालू होते आणि तिथे फलक होता : ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल आभारी आहोत’. हा प्रामाणिकपणा मला आवडला, छायाचित्र घेतले.

पांढरकवड्यात बसस्थानकाजवळ साधा, स्वच्छ लॉज मिळाला. सामान टाकले आणि लगेच बाहेर पडले. चौकात वाढदिवसांचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे, श्रद्धांजलीचे फलक एकमेकांना खेटून उभे होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापणाऱ्या दुकानाचे नाव असते. मी वाकून वाचत होते. प्रशांतचे नाव बरेचदा सापडले आणि त्याच्या शेजारी चुकाही. ‘हार्दीक शुभेच्या’ एकाच रांगेत तीनदा. एका टपरीची पाटीही त्याचीच होती : ‘गरम चाहा व नास्टा’. मी फोन वर केला तेव्हा टपरीवाली बाई कढई सोडून पुढे आली.

“बाई, फोटो कायले काढून राह्यल्या? नगरपालिकेच्या हाय का?”

“नाही. तुमचा नाश्ता चुकला आहे.”

“आजचा? आजचा नाही चुकला. कालचे आलूबोंडे बिघडले होते, थे मी मान्य करते. आज खाऊन पाहा.”

मी खाल्ले. आलूबोंडा निर्दोष होता. रस्सा तिखट, पण सुसंगत. तरीही संध्याकाळपर्यंत मी त्या गावात तीन फेऱ्या मारल्या. पुरावा भरपूर जमला होता, आणि तो हाती असूनही मला चैन पडत नव्हते, कारण तो पहिल्या हरकतीचा होता. दुसरीबद्दल पाट्या काहीच सांगत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी करंजीमार्गे मारेगाव. रस्ता बरा आहे. दोन्हीकडे कापूस वेचणाऱ्या बायका आणि शेंगांनी लगडलेली तूर. प्रशांत स्टँडवर न्यायला आला होता. तिशीचा, उंच, शाईने निळे झालेले बोट. “जय भीम, आत्या. त्रास नाही ना झाला?” मी म्हणाले, झाला. तो म्हणाला, “बरोबर आहे, आत्या.”

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागे छपाईचे यंत्र, पुढे टेबलावर संगणक. त्याने चहा मागवला. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला, एक फलक चौकटीवर ठोकून द्यायचा होता. “आत्या, तुम्ही बसा. मी हा गेलो अन् हा आलो.”

मला बसवेना, हे एव्हाना लक्षात आले असेल. संगणकाच्या पडद्यावर एका वाढदिवसाचा फलक उघडा होता आणि त्यात ‘शुभेच्या’ होत्या. ती दुरुस्त करणे मला अगदी स्वाभाविक वाटले. मग ‘हार्दीक’, मग ‘आशिर्वाद’. मग नजर खाली गेली. फलकाच्या खालच्या भागात ‘शुभेच्छुक’ या शब्दाखाली वीस-पंचवीस पुरुषांचे गोल चेहरे, प्रत्येकाखाली नाव, आणि शेवटी एक ओळ : ‘व समस्त मित्रपरिवार’. ‘समस्त’ म्हटल्यावर हे सर्व त्यात आलेच. पुन्हा वेगळे सांगणे ही पुनरुक्ती. मी चेहरे पुसले, नावे पुसली, शेवटची ओळ मोठी केली. फलक एकदम सुटसुटीत झाला. फाइल जपून ठेवली आणि वरचा मजकूर पडद्यावर मोठा करून पुन्हा वाचला.

प्रशांत घाईत परतला. पडद्याकडे पाहून म्हणाला, “आत्या, तुम्ही दुरुस्त केलं? लय भारी.” आणि खाली न पाहता छापायला दिला, कारण बाहेर गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होते. मी सांगायला हवे होते. मला वाटले, तो खूश होईल.

गिऱ्हाईक म्हणजे देवरावभाऊ, सिमेंटचे दुकानदार. पुतण्याच्या वाढदिवसाचा फलक न्यायला आले होते. त्यांनी तो जमिनीवर उलगडला आणि वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

“काय बे प्रशांत, मानसं कुठं गेली?”

प्रशांतने पाहिले. मीही पाहिले.

“पोट्ट्या, वर्गणी कोनी देल्ली? समस्तनं देल्ली का? संध्याकाळी चौकात जो तो आपला फोटो पाह्यले येईन. अन् तो किसना अन् मारोती! धुऱ्यावरून बोलचाल बंद होती दोघायची. एका बोर्डावर बाजूबाजूले बसतो म्हनाले, तवा कुठं जमलं. तू त्याईले पुसून टाकलं?”

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. मी पुढे झाले. “हे पाहा, ते मी—”

“आत्या, थांबा जरा,” प्रशांत म्हणाला. माझ्याकडे न पाहता. मग देवरावभाऊंना, “चूक दुकानाची हाय, भाऊ. मी न पाहता छापला. दिवस मावळायच्या आत दुसरा देतो, पैसे नका देऊ. चौकात मी सोता लावतो.”

“नाही लावला त?”

“त तुम्ही माझाच फोटो लावा, शुभेच्छेऐवजी श्रद्धांजलीचा.”

देवरावभाऊ पुटपुटत गेले. “पुतन्याचा वाढदिवस नसता त दाखवलं असतं,” असे काहीसे ऐकू आले. प्रशांतने दार लोटले आणि माझ्याकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता.

“आत्या, माझ्या दुकानात मले इचारल्याशिवाय कायलेच हात लावायचा नाही.”

“तू पाहिले असतेस तर छापले गेले नसते.”

“थे माझं चुकलंच. पन हात लावायचा नाही म्हंजे नाही. मेधाची आत्या असा, नाहीतर कोनी असा.”

वादविवादाच्या व्यासपीठावर यावर मला उत्तर सुचले असते. दुकानात मी फक्त “ठीक आहे” म्हणाले.

मी माझे बदल मूळ फाइलवरच जपून ठेवले होते, म्हणून सगळे पुन्हा करावे लागले. तो लोकांना फोन करून फोटो मागवत होता आणि मी नावे वाचून दाखवत होते. किसना आणि मारोती यांचे फोटो मी स्वतः शेजारी-शेजारी बसवायला सांगितले. वरच्या माझ्या दुरुस्त्या त्याने तशाच ठेवल्या. सूर्य टेकला तेव्हा फलक चौकात उभा होता आणि खाली सात-आठ माणसे बोट लावून आपापला चेहरा शोधत होती. दोघे जण जरा अंतर ठेवून उभे होते. ते कोण, हे मी विचारले नाही.

तिथून वणीमार्गे राजूर. भाड्याच्या गाडीने जावे; संध्याकाळी बस विरळ. वणीनंतर कोळशाची काळी धूळ सुरू होते आणि राजूरजवळ चुन्याच्या भट्ट्यांची पांढरी. धुतलेले कपडे कुठल्या दिशेने वाळत घालायचे, हा तिथला रोजचा प्रश्न आहे. प्रशांतचे वडील खाणीतून निवृत्त होऊन वारले. घरात आई, शांताबाई. त्यांनी तुरीच्या हिरव्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी आणि ज्वारीची भाकर वाढली. तुम्ही हिवाळ्यात या भागात आलात तर ती भाजी खाल्ल्याशिवाय परतू नका.

प्रशांत बाहेर गाडीवाल्याशी बोलत होता. शांताबाई माझ्यासमोर बसल्या, पदर नीट केला.

“बाई, खरं सांगा. पोरगा कसा वाटला?”

“लिहितो फार वाईट.”

“थे त लहानपनापासूनच. मास्तर मारे त्याले. त्याचं मले काही नाही. मले दुसराच घोर हाय. तो कोनाले नाही म्हनत नाही. भाऊबंद येते, पैसे घेऊन जाते. कोनी बी येते. मले वाट्टे, बायको आली त तिच्यासाठी तरी त्याले नाही म्हनता आलं पाह्यजे, नाहीतर तिचंच नुकसान.”

माझी दुसरी हरकत त्या माउलीने माझ्यापेक्षा कमी शब्दांत मांडली होती, आणि तीही स्वतःच्या मुलाविरुद्ध. मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“आज मला म्हणाला,” मी म्हणाले.

“काय?”

“नाही म्हणाला. तोंडावर.”

शांताबाईंनी दाराकडे पाहिले. “तुमाले?” मग हसू दाबत, “लय रागावल्या असान तुम्ही.”

“रागावले.”

“मंग अजून भाकर घ्या.”

दुसऱ्या दिवशी वणीहून थेट नागपूरची गाडी घेतली. येतानाच्या पाट्या मी वाचल्या. वाचल्याशिवाय माझे डोळे राहत नाहीत. पहिली हरकत जिथे होती तिथेच आहे. ‘शुभेच्या’ लिहिणे चूकच, आणि मी ते प्रशांतला पुन्हा सांगणार आहे. पण त्या हरकतीच्या आधारे मी जो निष्कर्ष काढायला निघाले होते, तो तिच्यातून निघत नाही. निष्कर्ष दुसऱ्या हरकतीवर अवलंबून होता, आणि ती मारेगावच्या दुकानात माझ्यादेखत कोसळली. एका प्रसंगावरून नियम सिद्ध होत नाही, हेही मी जाणते. मात्र ‘हा माणूस कधीच नाही म्हणत नाही’ हे विधान खोडायला एक प्रसंग पुरेसा असतो.

मेधा दार उघडून उभीच राहिली. तिने पाणीसुद्धा विचारले नाही.

“साक्षगंधाची तारीख धरा,” मी म्हणाले.

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, आत नेऊन ठेवली, आणि मग आतूनच तिचा रडण्याचा आवाज आला.

रात्री जेवल्यावर ती प्रशांतशी फोनवर होती. तिला साखरपुडा उन्हाळ्याआधी हवा होता. दुकानाचा तो गर्दीचा काळ, तेव्हा जमणार नाही, असे तिकडून येत होते. तिचा आवाज चढला, मग तिकडचाही. मी मध्ये पडायला उठले. दारापर्यंत गेले, आणि परत येऊन खुर्चीत बसले.