आधी दार मोजायचं

गाडीचा आराखडा काढायला बसलो की नवरा आधी पलंग काढायचा आणि मी आधी दार शोधायचे. आमच्या त्या दोन महिन्यांच्या भांडणाचं मूळ एवढंच होतं. ते त्याला कळलं नाही आणि मला सांगता आलं नाही.

त्याला 'तो' म्हणते हे कुणाला खटकेल. सव्वीस वर्षं 'हे' म्हटलं, पुरे झालं.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी पिवळी व्हॅन. रोह्याच्या कंपनीतून त्याने वेळेआधी निवृत्ती घेतली आणि घरी बसून मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागला. कुठली कुठली नवरा-बायको गाडीतच राहतात, गाडीतच चहा करतात, सकाळी दार उघडलं की समोर समुद्र. एक दिवस त्याने ती व्हॅन आमच्या वरसे गावातल्या बिल्डिंगखाली आणून उभी केली. "सीटा काढून आत घर करतो. तू नि मी. सहा-सहा महिने परत यायचं नाय," म्हणाला. शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंस गो!" मी हसले. मुलगा नोकरीला लांब गेलेला. दोन खोल्यांच्या घरात, वर-खाली माणसं असताना, हा मला मारायचा. त्या गाडीची रुंदी साडेपाच फूट होती आणि आजूबाजूला कुणीच असणार नव्हतं.

मारायचा म्हणजे कसा, ते एकदाच सांगते. स्वयंपाकघराला दार एकच. तो त्या दारात उभा राहायचा. घाई नसायची त्याला. मी फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत शिरायचे, कारण तिथे त्याचा हात पूर्ण फिरत नसे. मग तो कोपराने मारायचा, नाहीतर केस धरून बाहेर ओढायचा. डाव्या हाताची करंगळी त्या सांदीतच मोडली, अजून वाकडी आहे. मीही काही गरीब गाय नव्हते. एकदा तापलेलं उलथनं त्याच्या मनगटावर ठेवलं, कातडी चिकटून आली. त्याचा परिणाम असा झाला की पुढचे चार दिवस मला मान वळवता आली नाही. त्यानंतर मी शहाणी झाले, म्हणजे भांडण सुरू व्हायच्या आधीच दाराच्या बाजूला जाऊन उभी राहायला शिकले. भाजी चिरायची तीसुद्धा उंबऱ्यात बसून.

आणि आता तो मला कागदावर दाखवत होता की मागे आडवा पलंग टाकायचा, मागचं दार वेल्डिंग मारून कायमचं बंद करायचं, सरकत्या दाराशी ओटा, ओट्याखाली सिलिंडर. मी आत, खिडकीकडे झोपायचं. तो बाहेरच्या बाजूला.

"मागचं दार राहू द्या ना," मी म्हटलं. "ओटा मागे घेतला तर फोडणीचा धूर सरळ बाहेर जाईल."

"पंखा लावतोय मी छताला."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, पलंग उजव्या भिंतीला उभा घेऊ, मधून चालायला वाट राहील. तो म्हणाला, उभ्या पलंगावर दोन माणसं मावत नाहीत. गणपतीच्या आठवड्यात म्हटलं, सिलिंडर दाराशी नको, पेटलं तर बाहेर पडायचं कुठून? हे खरंच होतं, कुठल्याही मिस्त्रीने हेच सांगितलं असतं. पण त्याच्या डोक्यात तिडीक गेली. हातात स्टीलची फूटपट्टी होती, ती त्याने कडेवर उभी धरून माझ्या हातावर मारली. बोटांची मागची बाजू फाटली आणि थेंब थेंब रक्त आराखड्यावर पडलं, बरोबर त्याच्या पलंगावर. कागद खराब झाला म्हणून तो हळहळला, आणि रात्रीचं जेवण झाल्यावर नव्या कागदावर तेच सगळं परत काढलं. मागचं दार बंद.

मला तेव्हा अगदी स्वच्छ दिसत होतं की या गाडीत मी चढले तर जिवंत उतरणार नाही. पण "मी येत नाही" हे तीन शब्द बोलायची किंमत मला माहीत होती. म्हणून मी फक्त दाराबद्दल बोलत राहिले. धुराचं निमित्त, वाऱ्याचं निमित्त, सामान चढवायचं निमित्त.

दाराचं वेड मला माहेरून आलेलं. माझ्या बाबांचा पेणला गणपतीचा कारखाना. आता भाऊ सांभाळतो, माझा धाकटा, पण मोठ्या मूर्तीचा शब्द बाबाच देतात. गिऱ्हाईक किती फुटी पाहिजे म्हणून सांगायला लागलं की बाबा त्याला थांबवतात आणि विचारतात, "दार केवढं?" उत्तरावर विश्वास ठेवत नाहीत. जवळचं घर असलं तर स्वतः जाऊन सुतळी लावून येतात, लांबचं असलं तर सुतळी हातात देऊन पाठवतात. एक गाठ रुंदीची, एक उंचीची. कारखान्याच्या भिंतीला खिळ्यांवर अशा सुतळ्या टांगलेल्या असतात, प्रत्येकीला चिठ्ठी. लहानपणी मी विचारलं होतं, मूर्ती आत नेताना वाकडी करून नेता येते ना? बाबा म्हणाले, "न्यायची चिंता कोन करतो? न्यायला धा लोकं येतात. निघाली पाहिजे गो. इसर्जनाच्या दिवशी भिंत फोडायची काय?"

भावाच्या कारखान्यात प्लायवूड कापायचं मशीन होतं, म्हणून गणपती झाल्यावर आम्ही गाडी घेऊन पेणला गेलो. सीझन संपला की कारखान्याची जमीन रिकामी असते. साचे भिंतीला लावून ठेवलेले, काथ्याचा आणि प्लॅस्टरचा वास, पुढचं मोठं शटर सताड उघडं. भावाने आराखडा बघितला आणि बाजूला ठेवला. "कागदावर काय कळतंय, भावोजी? जमिनीवर आखू. आमी मोठ्या मूर्तीची बैठक तशीच आखतो. आत उभं राहिलं की समजतं कुठं अडतंय ते."

बाबा तोपर्यंत गाडीशी गेलेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघे दुखतात, तरी सुतळी घेऊन सरकतं दार मोजलं, मग मागचं दार मोजलं आणि दोन्हीकडे गाठी मारल्या.

"मामा, गणपती नाय बसवायचाय आत," नवरा हसत म्हणाला. माहेरी तो गोडच असायचा.

"माणूस बसवायचाय ना?" बाबा म्हणाले.

मुठीतून प्लॅस्टरची पावडर सोडत बाबांनी जमिनीवर पांढरी गाडी काढली. खऱ्या मापाची. चाकांचे उंचवटे, ड्रायव्हरची पाठ, ओटा, पलंग. दोन दारांच्या जागी रेघ सोडली. नवऱ्याने पावडर घेतली आणि मागच्या दाराची जागा रेघेने बुजवली. "हे बंद हाय, मामा." बाबांनी ती रेघ बघितली. मग मला म्हणाले, "तू कुठं झोपनार? जा बघू, उभी राहा."

मी सरकत्या दारातून आत गेले, ओट्याला वळसा घातला आणि पलंगाच्या टोकाला, खिडकीकडे उभी राहिले. नवरा आपल्या जागी उभा राहिला.

"अन् बाहेर कशी निघशील?" बाबांनी विचारलं.

"यांच्यावरनं," मी म्हटलं. "हे निघू देतील तर."

भाऊ हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय. बाबा हसले नाहीत. आणि नवऱ्याचा चेहरा मला ओळखीचा झाला.

"काय बोललीस?"

गप्प बसायला हवं होतं. पण बोटांच्या खपल्या अजून निघाल्या नव्हत्या आणि बाप समोर उभा होता. मी म्हटलं, "बोलले ते ऐकलंत. मी या गाडीत येणार नाही."

पहिली थप्पड कानावर बसली आणि आवाज बंद झाला. दुसरी बुक्की बरगडीत. मी गुडघ्यावर आले, तर त्याने मांडीवर लाथ घातली. माहेरी त्याने कधी हात उचलला नव्हता, तेवढी लाज त्याने सव्वीस वर्षं सांभाळली होती, ती त्या क्षणी सुटली. मी उठून पळाले.

आता जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. शटर सताड उघडं होतं. मधे फक्त जमिनीवर बोटभर पांढरी रेघ होती. आणि मी रेघेवरून पळाले नाही. पलंगाच्या कडेने गेले, ओट्याला वळसा घातला, आखलेल्या दाराकडे धावले. तो माझ्या आधी तिथे पोचला आणि दारात उभा राहिला, स्वयंपाकघराच्या दारात राहायचा तसाच. त्यालाही रेघ दिसत होती. मी मागे फिरले, वेल्डिंग मारलेल्या दाराच्या कोपऱ्यात जाऊन बसले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

भाऊ सगळ्या रेघा तुडवत आला. त्याने नवऱ्याच्या गळ्याला धरून त्याला साच्यांवर आपटला. एक मोठा साचा खाली येऊन फुटला. नवऱ्याने भावाच्या दंडाचा चावा घेतला, भावाने त्याच्या तोंडावर बुक्क्या मारल्या, एकामागून एक, मोजल्यासारख्या. पांढऱ्या जमिनीवर रक्त उडालं. नवऱ्याचे पुढचे दोन दात गेले. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकं बरं मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलंय. पण मी कोपऱ्यातून हलले नाही. भावाने त्याला शटरबाहेर फेकला, गाडी चालू झाल्याचा आवाज आला, गाडी गेली, तरी मी डोक्यावर हात धरून तिथेच बसलेली. सरकत्या दाराकडे बघत.

बाबा मारामारीत पडले नव्हते. ते पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होते. आता ते हळूहळू रेघेच्या बाहेरून माझ्या कोपऱ्याशी आले.

"ऊठ गो बाय. गेला तो."

"हो," मी म्हटलं, आणि उठले नाही.

"ही भिंत नाय. पावडर हाय."

मला माहीत होतं की पावडर आहे. माझ्या लहानपणी मीच ती चाळायचे. तरी पाय उचलेना. बाबांनी ते बघितलं. मग गुडघ्याला हात लावून ते कसेबसे खाली बसले आणि मागच्या दाराची बुजवलेली रेघ तळहाताने पुसू लागले. खिशातून मघाची सुतळी काढली, जमिनीवर लावली, एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत पुसलं. बोटभरही कमी नाही.

"नीघ आता."

मी त्या फटीतून बाहेर आले. फटीतूनच, अंग चोरून.

बाबा तिथेच बसून रडायला लागले. वर भिंतीवर सगळ्या सुतळ्या टांगलेल्या होत्या. "साऱ्या गावाची दारं मोजली मी," ते म्हणाले. "तुला दिली त्या घराचं तेवढं नाय मोजलं."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. बरगडी ठणकत होती. त्यांचा हात कोपरापर्यंत पांढरा झाला होता, तो मी पदराने पुसला.

"आज मोजलंत ना," मी म्हटलं.