कूलरमधला रिपीटर

१० जानेवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. माझ्या जनावरांच्या दवाखान्यातल्या टेबलावर बिस्किटांचा रिकामा खोका, खोक्यात साडेतीन महिन्यांचे मांजराचे पिल्लू आणि खोक्याभोवती सहा मुली. पिल्लू पुढच्या दोन पायांवर उठू पाहत होते. मागचा भाग साथ देत नव्हता.

"नाव काय याचं?" मी केसपेपर उघडत विचारले.

"रिपीटर," सहाही जणी एकदम म्हणाल्या.

लातूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या शहरात वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या तयारीसाठी साऱ्या मराठवाड्यातून मुले-मुली येऊन राहतात. पहिल्या वर्षी मनासारखे गुण पडले नाहीत की पुन्हा वर्षभर तयारी करणाऱ्याला इथे रिपीटर म्हणतात. या पिल्लाला मुलींच्या होस्टेलमधून अनेकदा हाकलले गेले होते आणि दर वेळी ते परत आले होते. नाव सुचवले होते श्रावणीने. ती चाकूरची, स्वतःही रिपीटर.

दाराशी मंगलकाकू उभ्या होत्या, होस्टेलच्या मालकीणही त्याच आणि रेक्टरही त्याच. "वरच्या गॅलरीच्या कठड्यावरून पडलंय," त्या म्हणाल्या. "मला मांजराचा नाद न्हाई, मॅडम. पण सकाळपासून पोरींचं अभ्यासात लक्ष लागंना. म्हणून आणलं."

एक्स-रेमध्ये पेल्व्हिस, म्हणजे कमरेचे हाड, उजव्या बाजूला मोडलेले दिसले. हे हाड म्हणजे एक चौकट असते आणि त्या चौकटीतून शौचाचा मार्ग जातो. हाडाचा तुकडा आत सरकून तसाच जुळला तर मांजर कदाचित चालेल, पण त्याला शौचाला होणार नाही. मग मोठे ऑपरेशन. त्याची सोय आमच्याकडे नाही, आणि जिथे आहे तिथपर्यंत होस्टेलच्या मांजराला कोणी नेत नाही.

हाडांच्या केसमध्ये मी नांदेडच्या माझ्या सिनिअर सरांना फोटो पाठवते. त्यांचा फोन लगेच आला.

"काय करणार?"

"सर, तुकडा दोनच मिलिमीटर सरकला आहे. केज रेस्टवर जुळेल."

"जुळेल. ठेवणार कोण?"

"मुलींचं होस्टेल आहे, सर. संध्याकाळी सातला गेट बंद. मोबाइल कपाटात. घरच्यांशी बोलायला अर्धा तास."

"मग काळजी मिटली," सर म्हणाले. ते हसले की नाही, हे फोनवर कळले नाही.

केज रेस्ट म्हणजे पिंजऱ्यातली विश्रांती. प्लास्टर बसत नाही अशा ठिकाणी भोवतीचे स्नायूच हाडाला धरून ठेवतात. आपण फक्त त्यांच्या कामात लुडबुड करायची नसते. पिल्लाला उभे राहता यावे, वळता यावे, पण पळता किंवा चढता येऊ नये, एवढीच जागा द्यायची. उपचार म्हणून तो इतका साधा आहे, की त्यात चूक होऊ शकते असे मला वाटलेच नाही. उलट, इतक्या शिस्तीची इमारत मिळाल्यावर ही केस पशुवैद्यकांच्या परिषदेत मांडायची, हे मी त्याच सकाळी ठरवून टाकले. मी त्या परिषदेत पोस्टर, म्हणजे एका केसचा सचित्र तक्ता, लावायला दोन वर्षे केस शोधत होते.

मी सूचना टाइप करून दिल्या. चालणे बंद. पळणे बंद. उडी बंद. चढणे बंद. श्रावणीने त्या मोठ्याने वाचून घेतल्या आणि विचारले, "मॅडम, एक्सेप्शन काही?"

"एकही नाही."

"पिंजरा इकत कशाला घ्यायचा," काकू म्हणाल्या. "गच्चीवर कूलर पडलेत की."

मराठवाड्यात उन्हाळ्यात घरोघरी लोखंडी कूलर लागतो आणि थंडीत तो गच्चीवर जातो. त्या संध्याकाळी काकूंनी फोटो पाठवला. पंखा आणि मोटर काढलेली, गवताच्या ताट्या काढलेल्या, तिन्ही बाजूंनी जाळी. खालच्या टाकीत पोते अंथरलेले, कोपऱ्यात वाळूचा ट्रे. मी एकच सुधारणा सुचवली: पिल्लू जाळी धरून चढेल, म्हणून वरून प्लायवूड टाकून उंची कमी करा. अर्ध्या तासात प्लायवूड टाकलेला फोटो आला. मी तो पोस्टरच्या फोल्डरमध्ये ठेवला.

दोन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला. तुकडा चार मिलिमीटर सरकला होता, आणि आतल्या बाजूला.

"याला बाहेर फिरू दिलंत?"

"एक पाऊल टाकू दिलं न्हाई, मॅडम," काकू म्हणाल्या. "रेणुकामातेची शपथ."

श्रावणी त्यांच्या शेजारी उभी होती. तिनेही तेच सांगितले. दोघी खोटे बोलत नव्हत्या, हे मला दिसत होते. एक्स-रेही खोटे बोलत नव्हता. शौचाला पिल्लू आता जोर करत होते. तेही त्यांनीच सांगितले. मी शौच मऊ करण्याच्या औषधाचा डोस वाढवला आणि सरांना फोन केला.

"आणखी सरकलं तर?" मी विचारले.

"तर मार्ग निम्मा राहील, आणि मग तुझ्या हातात काही राहणार नाही. मुली, सूचना काय लिहिल्यास ते मला सांगू नकोस. तिथे जाऊन बघ."

मी न कळवता गेले. संध्याकाळचा चहा सुरू होता. जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात कूलर होता: पोते झटकलेले, ट्रे स्वच्छ, दाराची कडी लावलेली. आत कोणी नव्हते.

रिपीटर बाकावर बसलेल्या मुलींच्या मांड्यांवरून पुढे सरकत होता. एकीने बगलेत धरून उचलायचे, दुसरीने झेलून घ्यायचे. जिचा चहा संपेल तिची पाळी संपायची. पाळी संपताना प्रत्येक जण बजावून सांगत होती, "खाली ठेवू नको हं. चालायला बंदी आहे."

मी दारातच उभी राहिले. शेवटच्या मुलीकडून ते पिल्लू माझ्याच हातात आले.

चौकशीत सगळा प्रकार बाहेर आला. सकाळी काकू त्याला ऊन दाखवायला गच्चीवर नेत, अर्थात कडेवर. रविवारी पालक डबे घेऊन येत. लेकीच्या तोंडून आजाऱ्याची हकिकत ऐकल्यावर त्याला हातात न घेता परत जाणे त्यांना जमत नसे. आजाऱ्याला लांबून पाहून निघून जाणे आमच्याकडे माणुसकीत बसत नाही. कोणीही नियम मोडला नव्हता. पिल्लाने खरोखरच जमिनीला पाय लावला नव्हता.

"श्रावणी, याला बगलेत धरून उचललं की मागच्या भागाचं वजन कुठे जातं?"

"खाली लोंबतं, मॅडम. म्हणजे मोडलेल्या हाडावर."

"आणि मांडीवरून पुढे झेपावताना जोर कोणत्या पायांचा?"

"मागच्या." तिने चहाचा पेला खाली ठेवला. "पण सूचनांमध्ये मांडी नव्हती."

ते खरे होते. मी काकूंकडे वळले. "काकू, तुम्ही चाळीस मुलींना सातनंतर गेटबाहेर जाऊ देत नाही. एका मांजराला चार आठवडे कूलरमध्ये ठेवता येत नाही?"

"पोरींचं येगळं," काकू म्हणाल्या. "पोरी रडल्या तर मी म्हणते, तुझ्या बापानं सांगून ठेवलंय, मी काय करू. ह्याचा बाप कुठाय? हे वरडलं की मलाच म्हणतंय वाटतं."

"हे एकटं पडलं की ओरडतं?"

"हाव. माणसं दिसली की गप. पर माणसं दिसली की माणसं उचलतात."

प्रश्न आता नीट मांडला गेला होता. पिल्लाला सोबत हवी होती, आणि सोबतीला हात नको होते. "या इमारतीत अशी जागा आहे का," मी विचारले, "जिथे माणसं दिसतात पण कोणालाही उठता येत नाही?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिले. "रीडिंग हॉल," श्रावणी म्हणाली.

"अजिबात न्हाई," काकू म्हणाल्या. "तिथं पेन पडला तर मी बोलते. पोरींचं ध्यान मांजराकडं गेलं तर आईबाप मला सोलून काढतील."

"आणि ते सरकत राहिलं, त्याला शौचाला होणं बंद झालं, तर मी काही करू शकणार नाही. त्याला कायमच्या झोपेचं इंजेक्शन द्यायची वेळ येईल."

काकू कूलरकडे वळल्या. "एक दिवस," त्या म्हणाल्या. "उद्या मी सवता बसते."

दुसऱ्या दिवशी मीही शेवटच्या रांगेत बसले. कूलर रीडिंग हॉलच्या पुढच्या भिंतीला, सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. बेल वाजली. पिल्लू ओरडू लागले. एकही मुलगी हलली नाही. पुढची बेल होईपर्यंत जागा सोडायची नाही, हा इथला नियम त्यांच्या हाडीमासी भिनला होता. पिल्लाचा आवाज वाढला तशा काकूच खुर्चीतून उठल्या. चाळीस माना एकदम वर झाल्या. काकू बसल्या. थोड्या वेळाने त्या पुन्हा उठल्या, माना पुन्हा वर झाल्या, काकू पुन्हा बसल्या. मग पिल्लू जाळीला पाठ लावून त्या न हलणाऱ्या माणसांकडे पाहत राहिले आणि झोपले.

तेव्हापासून ते तिथेच राहिले. ट्रे बदलायचे काम एकट्या श्रावणीकडे दिले, दोन्ही हात खालून लावून उचलायचे कसे हे तिला शिकवून. पालकांना रविवारी हॉलच्या काचेतून दर्शन मिळे. काहींना ते थोडे कोरडे वाटले. "दवाखान्याचा हुकूम हाय," काकू त्यांना सांगत आणि माझ्याकडे बोट दाखवत. मी तिथे असले तरी आणि नसले तरी.

चार आठवड्यांनी तिसरा एक्स-रे काढला. तुकडा चार मिलिमीटरवरच थांबला होता आणि भोवती नव्या हाडाचा पांढरा थर धरला होता. मार्ग थोडा अरुंद, पण पुरेसा. पिल्लू जोर न करता शौचाला जात होते. काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला मांजराचा नाद न्हाई," आणि पदराने डोळे पुसले.

माझे पोस्टर परिषदेने स्वीकारले. एका परीक्षकाने शेरा मारला, तुलनेसाठी दुसरा गट कोणता? मी लिहिले: पहिले दोन आठवडे, तेच मांजर. सरांचे मत असे की पोस्टरवर लेखक म्हणून काकूंचेही नाव हवे होते.

आता मी केज रेस्टच्या सूचना वेगळ्या लिहिते. मांजर काय करेल याला दोन ओळी आणि माणसे मायेपोटी काय करतील याला एक पान. मांडी, कडेवर घेणे, ऊन दाखवणे, पाहुणे, सगळे नावानिशी. प्राण्याच्या हालचाली मर्यादित असतात. त्याच्यावर जीव असलेल्या माणसांच्या नसतात.

तिसऱ्या एक्स-रेनंतर शेवटच्या भेटीला मी होस्टेलच्या ऑफिसमध्ये गेले होते. चालणे सुरू, उडी आणखी दोन आठवडे बंद, असे मी काकूंना सांगत होते आणि काकू मान डोलावत होत्या. रिपीटर फरशीवरून उठला, मागचे दोन्ही पाय एकसारखे रोवले, आणि आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर येऊन बसला. काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी मोजायचा टेप मागून घेतला आणि केसपेपरवर शेवटची नोंद केली. टेबलाची उंची: शहात्तर सेंटिमीटर.