वारज्याला नेलेला सापळा

जुन्नरहून पहिल्या एसटीने निघालो तेव्हा मांडीवर खोकं होतं आणि मनात भांडण तयार होतं. खोक्यात सौर प्रकाश सापळा होता. अंधार पडला की दिवा लागावा, किडी झेपावून खालच्या पाण्यात पडाव्यात आणि चार तासांनी दिवा विझावा, अशी टायमरची पाटी (सर्किट बोर्ड) मीच कागदावर आखून पुण्याहून करून आणली होती. चारच तास, म्हणजे नंतर फिरणारे मित्रकीटक (पिकावरची कीड खाणारे किडे) वाचतात. पण गावातले दहाही सापळे उजाडेपर्यंत जळत राहिले. म्हादूतात्यांच्या टोमॅटोतले ढालकिडे पाण्यात तरंगले, मावा वाढला. "पुण्याच्या लोकांनी फसवलं," असं मी गावभर सांगितलं होतं.

चाकणला गाडी बराच वेळ खोळंबली. वाकडेवाडीला उतरून पोहे खाल्ले आणि शहर बस धरली. वारज्यात एका गृहस्थांना विचारलं, "गणपती माथा कुठे आला?"

"आला नाही, गेला. आपण बसमध्ये होतात तेव्हा."

खोकं सावरत आल्या रस्त्याने मागे चालत निघालो.

पाट्यांचा कारखाना म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. भिंगाखाली पाटीवर डाग देत (सोल्डरिंग करत) बसलेल्या मीनाताईच सगळं पाहतात. मी आवाज चढवला, "आम्हाला दुसऱ्या कुणाच्या पाट्या तर दिल्या नाहीत ना?"

"दहा नगांसाठी पुण्यात कुणी मशीन सुरू करत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "अंडी उबवायच्या पेट्यांच्या पाट्या होत्या, त्याच तक्त्यावर उरलेल्या जागेत तुमच्या बसवल्या. पण कापून वेगळ्या नीट केल्या. दाखवा आधी."

त्यांनी चार तासांच्या जागी एक मिनिट लावलं आणि अंधार व्हावा म्हणून जेवणाच्या डब्याचा रुमाल सूर्यपट्टीवर (सोलर पॅनेलवर) टाकला. दिवा लागला. मिनिटाने विझला. मी म्हणणार, बघा, इथे चालतोय, तोच पुन्हा लागला.

"वेळ संपली, दिवा विझला. पण अंधार आहेच, म्हणून मोजणी पहिल्यापासून. मध्ये एकदा ऊन दिसल्याशिवाय लागू नये, हे तुमच्या आखणीत कुठेच नाही. तुम्ही दिलं तसं आम्ही केलं. विझल्यावर थांबला नव्हतात का?"

नव्हतो थांबलो. रात्री दहाला विझलेला पाहिला आणि समाधानाने घरी गेलो. ते त्यांना सांगितलं, गावात त्यांचं नाव खराब केल्याचंही सांगितलं.

"आम्ही काही तिथे राहत नाही," त्या म्हणाल्या. "जिथे बोललात तिथे सांगा."

त्यांनी एक जादा भाग जोडून नमुना करून दिला. पाचदा रुमाल टाकून, काढून पाहिला. नव्या दहा पाट्या पुढच्या तक्त्यावर जागा झाली की होतील.

परतीच्या गाडीत खेडपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो. गावात उतरलो तो थेट तात्यांच्या बांधावर गेलो. जुळवलेलं काही आठवलं नाही. "तात्या, चूक माझी होती. पुण्याच्या लोकांची नव्हती."

तात्यांनी टोमॅटोचं एक पान उलटून पाहिलं. "बाकीच्या नऊ जणांना सांगितलंस?"

"नाही. पहिलं तुमच्याकडंच आलोय."

"मग चल, मीबी येतो. एकटा गेलास तर वाटेत दोष बॅटरीवर ढकलशील."

चूक कळायला मला पुण्याला जावं लागलं, पण खरा लांबचा रस्ता गावातल्या या नऊ दारांचा होता. पहिल्या दारात तात्या बाजूला उभे राहिले आणि बोलावं मला लागलं.